विषय: करवती साड्यांची ऑर्डर: पैसे पाठवू नका

प्रेषक: पवनीवाल्या काकू (सध्या मोहाडी तालुक्यात, माहेरी)

खजिनदारभाऊ, पैसे गेले नसतील तर थांबवा. मंडळाच्या कार्यक्रमासाठी समितीनं त्या साइटवर निवडलेल्या ‘डिझायनर करवती’ खऱ्या करवती, म्हणजे आपल्या विदर्भातल्या हातमागाच्या करवतकाठी साड्या, नाहीतच. काल आंधळगावला गेले होते, मागावर बसलेल्या बाईंना मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी फोटो मोठा केला, काठावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हे आपलं काम नोहे बाई.” करवतीला तीन धोटे (आडवा धागा फिरवणारे) लागतात. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. म्हणून काठाचा रंग भरीव उतरतो आणि करवतीचे दाते दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. या फोटोत अंगाचा पिवळा धागा काठातून आरपार गेलाय आणि दाते वरून छापलेत. उलट्या बाजूचा एकही फोटो साइटवर नाही. आधी तो मागा.

आणि ती काचेसारखी चकाकी पाहा. आपला कोसा, म्हणजे टसर रेशीम, असा चमकत नाही. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक कोसा वाढवतात, त्याचा रंग मधासारखा, धागा कुठे जाड कुठे बारीक. इथे रेंज जाते-येते, फोन लागला नाही तर इथेच लिहा.

प्रेषक: खजिनदार

काकू, पैसे अजून मंडळाच्या खात्यातच आहेत. पण सवलत आज मध्यरात्री संपते, आणि ते कार्ड घेत नाहीत, फक्त बँक ट्रान्सफर. साइटवर सिल्क मार्कचं चिन्ह आहे. पाठवू की नको, एवढंच कुणीतरी ठाम सांगा.

प्रेषक: आर्वीवाले भाऊ

नको. चिन्हाचं चित्र कुणीही चिकटवू शकतो. केंद्रीय रेशीम मंडळाची सिल्क मार्क योजना २००४ पासून आहे. त्यांचं होलोग्रामचं लेबल प्रत्यक्ष साडीला लावलेलं असतं आणि त्यावर स्वतंत्र क्रमांक असतो. विक्रेत्याकडे त्या लेबलाचा जवळून काढलेला फोटो मागा. शिवाय सिल्क मार्क फक्त धागा रेशमाचा असल्याचं सांगतो, कापड हातमागाचं की यंत्रमागाचं हे नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा, २००६ पासूनचा.

मला जास्त खटकतं ते ट्रान्सफरचं. कार्डानं दिलेल्या पैशांबद्दल बँकेकडे वाद तरी मांडता येतो, ट्रान्सफर झालेले परत मिळवणं फार कठीण. भारतातल्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटवर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दिलेला हवा. इथे नुसता एक फॉर्म आहे. मध्यरात्रीची मुदत तर आपण विचार करू नये म्हणूनच घातलेली असते. आणि तपशिलात अगदी खाली ‘आर्ट सिल्क’ लिहिलंय, म्हणजे कृत्रिम धागा. तो कुणी वाचला होता का?

प्रेषक: सांस्कृतिक समिती (ताई)

निवड सभेत झाली, तेव्हा कुणाचीही हरकत नव्हती. गावाकडूनच घेतलं म्हणजे अस्सल, हेही मला मान्य नाही. दिवाळीला गावाकडून आलेल्या साडीचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः तिचा धागा जाळून पाहिला. केस जळल्याचा वास आलाच नाही, कागदासारखा भुरकन जळला.

प्रेषक: पवनीवाल्या काकू

ताई, धागा काठाचा ओढला होता का? करवतीचा काठ सुती असतो, तो कागदासारखाच जळणार. अंगातला धागा घ्या, उभा एक आणि आडवा एक, कारण काही जण आडवा रेशमाचा घालतात आणि उभा दुसराच. कोसा असेल तर केस जळल्यासारखा वास येईल आणि राख बोटांनी चुरगळेल. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. दिवाळीची साडी ज्या घरातून आली ते घर मला माहीत आहे. अशा एका बोलण्यानं त्यांची पुढची ऑर्डर जाते, म्हणून एवढं लिहिते आहे. छापील माल करवतीच्या नावानं विकला की मागावरच्या बाईला तिची किंमत सांगायचीसुद्धा चोरी होते.

प्रेषक: वणीचा धाकटा

साड्यांचं चाललंय तर विचारून घेतो. गावी भावानं ऑनलाइन परदेशी ब्रँडचं जॅकेट घेतलं, निम्म्याहून कमी किमतीत. झिपवर वायकेके आहे म्हणून अस्सल म्हणतो. बरोबर आहे का?

प्रेषक: आर्वीवाले भाऊ

झिपवरून काही ठरत नाही. वायकेके हजारो कंपन्यांना झिप पुरवते आणि नकली कपड्यांवरही तीच अक्षरं कोरतात. आतलं लेबल बघ. अमेरिकेत विकायच्या कपड्यावर बऱ्याचदा आरएन क्रमांक असतो, तो तिथल्या व्यापार आयोगाच्या साइटवर टाकला की कंपनीचं नाव येतं. भलतीच कंपनी निघाली तर ब्रँडला विचार. मात्र क्रमांक जुळला म्हणून अस्सल ठरत नाही, तोही नक्कल करतात. पावतीवर विक्रेता कोण ते पाहा. परत घेत नसतील तर भावाला १९१५ वर तक्रार करायला सांग, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

प्रेषक: सांस्कृतिक समिती (ताई)

काठ जाळायचा नाही हे तेव्हा कुणी कळवलं नव्हतं. उद्या अंगाचा उभा-आडवा दोन्ही जाळते आणि इथेच लिहिते. पण काकू, गावाकडून घ्यायच्या ठरल्या तरी रंग आणि यादी समितीच ठरवेल.

प्रेषक: पवनीवाल्या काकू

ठरवा ना जी, माझं काही म्हणणं नाही. मात्र कार्यक्रमापर्यंत सगळ्या साड्या होणार नाहीत. मागावरच्या बाईंच्या घरी माग एकच आहे, आणि कोसा घ्यायला थोडी उचल आधी द्यावी लागेल. घाई केली तर त्या नाही म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. नाचणाऱ्या मुलींच्या आधी होऊ द्या, बाकीच्यांच्या मागाहून. प्रत्येक साडीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मी स्वतः काढून पाठवीन.

प्रेषक: वणीचा धाकटा

भाऊ, आरएन क्रमांक लेबलच्या मागच्या बाजूला असतो का? भावाला सापडत नाही म्हणे.

प्रेषक: खजिनदार

साइटला पैसे पाठवलेले नाहीत, पाठवणारही नाही. उचलीची रक्कम काकूंनी मला वेगळी कळवावी. साडीचे रंग कृपया समितीला कळवा, मला नको.