बिझे आणि 'कार्मेन'

फ्रेंच संगीतकार जॉर्ज बिझे याचं 'कार्मेन' हे ऑपेरा (गायलं जाणारं संगीतनाटक) पडलं आणि त्या धक्क्याने तो गेला, असं म्हटलं जातं. अगदी तसं नाही. ३ मार्च १८७५ ला पहिला प्रयोग थंड गेला हे खरं, पण पुढच्या तीन महिन्यांत तिशीच्या वर प्रयोग झाले. पडलेल्या ऑपेराचे एवढे होत नाहीत. ३ जूनला, लग्नाच्या सहाव्या वाढदिवशीच, पॅरिसजवळच्या बुजिव्हालला हृदयविकाराने तो गेला. अवघा ३६ वर्षांचा!

पहिला प्रयोग थंड जायला कारण होतं. तो झाला पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकमध्ये, आणि ते घरंदाज कुटुंबांचं थिएटर. मुलामुलींच्या लग्नाच्या गाठीभेटी तिथल्या बॉक्समध्ये व्हायच्या. तिथे सिगारेट कारखान्यातली बाई, कार्मेन, रंगमंचावर खून होऊन मरते! कोरसमधल्या बायकाही कुरकुरल्या. रांगेत उभं राहून गायची सवय, आणि इथे सिगारेट ओढत, भांडत गायचं.

मला मात्र हळहळ वाटते ती बिझेच्या सी मेजर सिंफनीची (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना). सतराव्या वर्षी लिहिली, पण त्याच्या हयातीत एकदाही वाजली नाही. पहिला प्रयोग थेट १९३५ मध्ये. त्यातल्या दुसऱ्या भागातला ओबो (बासरीसारखं एक फुंकवाद्य) नक्की ऐका, 'कार्मेन'मधल्या कितीतरी सुरांची चाहूल तिथेच लागते.