मदत हवी आहे: इंग्लंडच्या खेड्यांतला सरवा

नमस्कार मंडळी. जुन्या इंग्लंडमध्ये गव्हाची कापणी झाली की गावातल्या गरीब बायका-मुलं शेतात पडलेल्या ओंब्या, म्हणजे सरवा, वेचायला जात, त्यावर एक छोटा लेख लिहितेय. सफक परगण्यातल्या टिमवर्थच्या मेरी हॉटनवर यावरून खटला झाला आणि १७८८ मध्ये कोर्टाने सांगितलं, सरवा वेचणं हा कुणाचा हक्क नाही. तरी पुढे एकोणिसाव्या शतकातही बायका वेचतच राहिल्या! (मला तर हेच वाचून बरं वाटलं.) काही गावांत सकाळी चर्चची घंटा झाली की वेचणी सुरू, संध्याकाळी पुन्हा झाली की बंद. त्यामुळे तान्ही मुलं असलेल्या आणि म्हाताऱ्या बायकांच्या आधी कुणी शेत साफ करून टाकत नसे. शेतात राखणीची एक पेंढी उभी असली तर आत जायचं नाही.

अडलंय ते पुढे. या ओंब्या झोडपायच्या कुठे, घरातच? दळणाचे गिरणीवाला पैसे घेई की पिठातच वाटा? तिकडे राहणाऱ्या कुणी परगण्याच्या अभिलेखागारात काम केलंय का? चर्चच्या जुन्या हिशेबवह्यांत घंटेचा खर्च सापडेल का? चित्रं नकोत, ती भरपूर मिळाली.