फ्री इम्प्रोव्हायझेशनच्या ग्रुपमध्ये तबला, हातातून ठेका सुटतच नाही

धा_तिरकिट

नमस्कार मंडळी. लंडनमध्ये असतो, तबला चौदा वर्षं, त्यातली अकरा पुण्यात गुरुजींकडे. गेल्या सप्टेंबरपासून इथे दर आठवड्याला एका फ्री इम्प्रोव्हायझेशनच्या वर्कशॉपला जातोय. राग नाही, ताल नाही, सूर कुठला तेही ठरलेलं नाही, दहा-बारा जण गोल करून बसतात आणि वाजवायला लागतात. तीन सॅक्सोफोन, एक चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य), एक ताई नुसत्या आवाजाने, आणि एकजण गिटार टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर स्प्रिंगा आणि छोटा पंखा लावतो.

अडचण अशी की मी सुरुवातीला नीट ऐकत असतो, पण दोन मिनिटांत हात आपोआप केरव्यात, आठ मात्रांच्या त्या तालात, जातो. एकदा तर सगळेच त्या लयीवर आले, पाच-सहा मिनिटं मस्त चाललं, मला वाटलं आज जमलं. नंतर बोलताना चेलोवाली म्हणाली की तू ठेका धरलास आणि मला कुठे जायला जागाच राहिली नाही. ती रागावली नव्हती, अगदी शांतपणे म्हणाली, पण ते मनात राहिलंय. दुसरं म्हणजे संपवायचं कसं ते कळत नाही, मी तिहाई घेतो (एकच तुकडा तीनदा वाजवून थांबतो) आणि बाकीचे वाजवतच राहतात.

याचा रियाज असतो का काही? आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला रियाज होता, इथे नुसतं "लिसन" म्हणतात. चौदा वर्षांची तालीम आड येतेय का ते प्रामाणिकपणे सांगा.

खर्ज

रियाज असतो, आणि तो एका ड्रमरनेच बसवलाय. जॉन स्टीव्हन्स म्हणून होते (1940 ते 1994), लंडनमध्ये 1966 पासून लिटल थिएटर क्लब नावाच्या छोट्या जागेत नाटक संपल्यावर रात्री वाजवायचे, त्यांचा ग्रुप स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल. फ्री संगीत ग्रुपला शिकवायचे धडे त्यांनी तयार केले आणि 1985 मध्ये ते छापलेही. मी बास क्लॅरिनेट वाजवतो, माझी सुरुवात त्याच धड्यांवर झाली, म्हणून दोन सांगतो.

पहिला क्लिकचा. प्रत्येकाने आपल्या वाद्यावर जमेल तितका आखूड आवाज काढायचा, टिच्. मग थांबायचं आणि परत टिच्. बस एवढंच, दहा-पंधरा मिनिटं. तुम्हाला चाटेवर (तबल्याच्या कडेच्या चामड्यावर) बोट मारून लगेच दाबावं लागेल, घुमला तर तो आवाज चुकला. सुरुवातीला माणूस आपल्याच टिच् मध्ये अडकलेला असतो, मग हळूहळू सगळ्यांचे मिळून जे थेंब पडतायत ते ऐकू यायला लागतात आणि त्यात आपला कुठला हेही कळेनासं होतं. दुसरा लांब आवाजाचा. एक श्वास घ्यायचा आणि तो संपेपर्यंत एकच आवाज धरायचा, ओढाताण न करता, मग परत श्वास. तबल्याला लांब आवाज नसतो हे मान्य, पण बायावर, म्हणजे डग्ग्यावर, तळहात घासत न्या, श्वास संपला की हात उचला. तालवाल्याला हा दुसरा धडा पहिल्यापेक्षा जास्त लागतो असं माझं मत, कारण इथे मोजायला मात्राच उरत नाही, तुमचा श्वास वेगळा आणि शेजारच्याचा वेगळा.

आणखी एक. स्टीव्हन्सनी या ग्रुपसाठी ड्रम्सचा सेटच लहान करून घेतला होता, छोटे ड्रम आणि छोट्या झांजा, म्हणजे आवाज बाकीच्या वाद्यांच्या वर जाणार नाही. तुमचा तबला काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) चढवलेला असेल तर तो खोलीभर टणटणतो आणि वर सगळ्यांना एक सा लादतो. उतरवून बघा.

रविवारची_बैठक

मी गाते, पुण्यात. खर्ज यांचं सगळं पटलं पण "तालीम आड येते का" या प्रश्नाला कोणीतरी स्पष्ट नाही म्हणायला हवं. अहो, आपण आलाप करतो तेव्हा ठेका कुठे असतो? आणि उपज (गाताना तिथल्या तिथे सुचलेलं) हा शब्द काय बाहेरून आलाय का? डेरेक बेली, म्हणजे या फ्री संगीतातला मोठा गिटारवादक, त्याने 1980 मध्ये इम्प्रोव्हायझेशनवर पुस्तक लिहिलं तेव्हा भारतीय संगीत अगदी सुरुवातीलाच घेतलं. स्वतःच्या संगीताला तो कुठल्याच भाषेत न बसणारं म्हणायचा, तरी घराणी, राग हे सगळं त्याला समजून घ्यावंसं वाटलं.

फरक मला असा दिसतो की आपल्याकडे उपज कितीही मोकळी असली तरी समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) सगळे भेटणार हे ठरलेलं असतं, त्या भरवशावर आपण लांब जातो. तुमच्या वर्कशॉपात सम नाही. त्यात तुम्ही साथ करणारे, साथीदाराला आयुष्यभर हेच शिकवलेलं असतं की तू घर धरून ठेव म्हणजे गाणारा फिरेल. तुम्ही त्या चेलोवालीसाठी प्रेमाने घर बांधलंत आणि तिला अंगणात राहायचं होतं. तुमची तालीम चुकलेली नाही, त्या खोलीत साथ कोणी मागितलेली नाही इतकंच.

एक प्रयोग सांगते, पॉलीन ऑलिव्हेरोस (1932 ते 2016, अमेरिकेतल्या अकॉर्डियनवादक, ऐकण्यावरच आयुष्यभर काम केलं) यांचा ट्यूनिंग मेडिटेशन. श्वास घेऊन मनातला कुठलाही एक सूर सोडायचा. पुढच्या श्वासाला दुसरं कोणी लावतंय त्यातला एक सूर आपण लावायचा. त्यापुढच्याला कोणीच लावलेला नाही असा नवा. मग परत दुसऱ्याचा, परत नवा. मी सात विद्यार्थ्यांना घेऊन केलं, तानपुरा बंद ठेवून. पहिले काही श्वास सगळे क्लासच्या सा वरच गेले, तानपुरा बंद असला तरी कानात होताच. मग एका मुलीने कुठलातरी भलताच सूर लावला, बाकीच्यांनी तो उचलला आणि त्यानंतर जे झालं ते मला शब्दात मांडता येत नाही, पण खोलीत कोणी हललं नाही. तुम्ही हे गळ्याने करा, हात मांडीवर ठेवून.

शाई_आणि_मैदान

वरच्या दोघांनी ऐकण्याचं सांगितलं, मी हाताचं सांगतो. बोल आले की ठेका येणारच, धा म्हटलं की पुढचा धिं हातात तयारच असतो. म्हणून महिनाभर बोलच वाजवू नका. एएमएम हा ग्रुप लंडनमध्ये 1965 ला सुरू झाला, त्यात कीथ रो यांनी गिटार आडवी झोपवली (तुमचा पंखेवाला त्यांच्याच वाटेने चाललाय) आणि एडी प्रेव्हो, जे मूळचे जॅझ ड्रमर, ते झांजेवर आणि मोठ्या घंटेच्या थाळीवर व्हायोलिनसारखा गज फिरवतात. प्रेव्होंनी 1999 मध्ये लंडनलाच दर आठवड्याचं वर्कशॉप सुरू केलं, तिथे भर यावरच की आपल्या वाद्यात अजून काय आवाज आहेत ते शोधा, आणि शोधता शोधता समोरच्याशी बोला. दोघादोघांनी, तिघातिघांनी वाजवायचं. हे तुमच्याकडे करतात का? बारा जणांत लपता येतं, दोघांत येत नाही.

तबल्यात किती आहे बघा, गजऱ्यावरून (कडेच्या वेणीवरून) नख फिरवा, वादी (चामड्याची पट्टी) ओढून सोडा, गट्ट्यांवर (लाकडी ठोकळ्यांवर) टकटक, शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) ओलं बोट, बाया उलटा करून पितळेवर पेर. माझ्या गुरूंना हे बघवलं नसतं हे मला माहीत आहे, म्हणून मी वाद्याला नमस्कार करूनच हे करतो आणि वाद्य खराब होईल असं काही करत नाही.

तिहाईचं म्हणाल तर तिहाई म्हणजे "मी संपवतोय" असं जाहीर करणं. इथे कोणा एकाला संपवता येत नाही. तुम्ही थांबा, बाकीचे चालू राहिले तर राहू द्या, थांबलेला माणूसही वाजवतच असतो.

धा_तिरकिट

सगळ्यांचे मनापासून आभार, उशीर झाला कारण दोन शुक्रवार करून मगच लिहायचं ठरवलं होतं. तबला जवळजवळ दोन सूर उतरवला, आवाज पोकळ झाला पण खोलीत मिसळला. क्लिकचा धडा आमच्या तिथे सगळ्यांना विचारून केला, पहिली पाच मिनिटं माझे टिच् बरोबर सारख्या अंतरावर पडत होते, मलाच ऐकू येत होतं, थांबवता येत नव्हतं. मग शेजारच्या ताईंचा श्वास ऐकू आला आणि ते अंतर मोडलं.

काल चेलोवालीबरोबर दोघांतच वाजवलं. मी बहुतेक वेळ बायावर तळहात घासत होतो, एकदा केरवा बोटांपर्यंत आला, हात उचलून मांडीवर ठेवला आणि तसाच बसलो, बहुतेक मिनिटभर. तिने त्या जागेत गज इतका हळू ओढला की आधी फक्त केसांचा आवाज आला, सूर नंतर. मी परत आलोच नाही, तिचा सूर विरला आणि संपलं. तिहाई नाही, काही नाही. रात्री बसमध्ये गुरुजींची आठवण येत होती.

पुढच्या वेळी दायाँ (उजव्या हाताचा तबला) घरी ठेवून फक्त बाया न्यावा असं मनात आहे, कोणी केलंय का असं?

शाई_आणि_मैदान

मी केलंय. चुंबळ पण नेऊ नका, मांडीवर घ्या, गुडघ्याने दाब कमीजास्त करता येतो.