नव्याने आलेल्यांना सरकारने भाषा शिकवण्याची पद्धत कुठून आली?

प्रश्न – अर्जुनीकर

माझी पुतणी गेल्या वर्षी कायमच्या वास्तव्याचा व्हिसा घेऊन मेलबर्नला गेली. तेथे सरकारी खर्चाने चालणाऱ्या इंग्रजीच्या वर्गात तिला प्रवेश मिळाला आणि दवाखान्यात अडचण आली तर फोनवर दुभाषा मिळतो, असे ती सांगते. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. हिवाळ्यात त्यांच्यापैकी अनेक जण स्वेटर विकायला बाहेर पडतात आणि गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतात. त्यांना जमीन मिळाली, वसाहत मिळाली. मात्र मराठी शिकवायला सरकारने कोणाला पाठवले, असे मी कधी ऐकले नाही. ऑस्ट्रेलियात ही व्यवस्था केव्हा आणि कशासाठी उभी राहिली, आणि आपल्याकडे तिचा विचार का झाला नसावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – निवृत्त मास्तर, ब्रह्मपुरी

अर्जुनीकर, या व्यवस्थेमागे दयाबुद्धीपेक्षा गरज अधिक होती. दुसरे महायुद्ध संपताना ऑस्ट्रेलियाला माणसे हवी होती. 1945 मध्ये तेथे स्थलांतराचे स्वतंत्र खाते निघाले आणि आर्थर कॉलवेल त्याचे पहिले मंत्री झाले. 1947 पासून युरोपातील छावण्यांमध्ये अडकलेले निर्वासित जहाजांनी आणले गेले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांची संख्या सुमारे 1,70,000 झाली. त्यांच्याशी करार असा होता की पहिली दोन वर्षे सरकार सांगेल तेथे आणि सांगेल ते काम करायचे. आपल्याकडचा सालगडी निदान मालक तरी स्वतः पाहून ठरवत असे.

व्हिक्टोरियातील बोनेगिला येथे लष्कराची जुनी छावणी होती. तेथेच या लोकांना पत्र्याच्या बराकींत उतरवले जाई. 1947 ते 1971 या काळात तीन लाखांहून अधिक माणसे त्या छावणीतून गेली. इंग्रजीचे वर्ग 1948 च्या सुमारास सुरू झाले. ते छावणीत तर भरतच, शिवाय येणाऱ्या जहाजांवरही भरत, कारण खाणीत किंवा धरणाच्या कामावर मुकादमाचे बोलणे समजले नाही तर मजूर कामाचा राहत नाही. 1961 मध्ये काम मिळेना म्हणून बोनेगिलात दंगल झाली, यावरून तेथे सारे आलबेल नव्हते हे दिसते.

छावणीतून बाहेर पडल्यावर या माणसांचे काय होते, याची जबाबदारी 1950 पासून बहुतांशी ‘चांगला शेजारी’ अशा अर्थाच्या नावाच्या स्वयंसेवी परिषदांवर होती. त्यांना सरकारचे अनुदान असे, पण अपेक्षा एकच होती, नवख्याने लवकरात लवकर आपल्यासारखे व्हावे. फोनवरील दुभाष्याची सेवा 1973 मध्ये आली. 1978 मध्ये फ्रँक गॅल्बली या वकिलांच्या समितीने सांगितले की नवागतांना त्यांच्या भाषेत माहिती मिळाली पाहिजे आणि त्यांच्या स्वतःच्या संस्थांनाही सेवा चालवण्यासाठी पैसा दिला पाहिजे. आपल्या पुतणीला मिळालेल्या सोयीत या दोन्ही काळांचे अंश आहेत.

उत्तर – मुलचेऱ्याचा वाचक

मास्तरांनी तिकडचे लिहिले, मी घरचे लिहितो. माझे आजोबा 1964 नंतर पूर्व पाकिस्तानातून निघाले, रायपूरजवळच्या माना छावणीत राहिले आणि तेथून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आले. आज तो भाग गडचिरोली जिल्ह्यात आहे. सरकारने जमीन दिली, घरासाठी मदत केली आणि जंगलालगत वसाहत बसवली, हे नाकारून चालणार नाही. मात्र सातबारा, नोटीस, दाखला हे सारे मराठीत येई आणि ते वाचून दाखवणारा माणूस वसाहतीत सापडत नसे. जमिनीचा भोगवटादार वर्ग 2 म्हणजे काय, तर ती सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे घरातल्यांना कळायला कित्येक वर्षे लागली. आजही आमच्या नमःशूद्र समाजाला महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, जो पश्चिम बंगालमध्ये मिळतो. हा प्रश्न वसाहत बसवतानाच कोणी मांडून ठेवला असता तर नातवंडांना इतके खेटे घालावे लागले नसते.

उत्तर – अर्जुनीकर

दोघांचेही आभार. मास्तर, एक शंका उरते. आपल्या सरकारला भाषेचे महत्त्व कळले नव्हते, की मुद्दाम टाळले?

उत्तर – निवृत्त मास्तर, ब्रह्मपुरी

तिबेटी लोकांपुरते तरी मुद्दाम टाळले, असे माझे मत आहे. ही माणसे एक दिवस परत जातील, तोवर त्यांची भाषा आणि धर्म टिकावा, अशी दलाई लामांची इच्छा होती आणि नेहरूंनी ती मान्य केली. म्हणून स्वतंत्र वसाहती झाल्या आणि मुलांसाठी 1961 पासून स्वतंत्र केंद्रीय शाळा चालवणारी संस्था निघाली. ऑस्ट्रेलियाला नवागत विरघळून हवे होते, आपल्याला तिबेटी वेगळे राहिलेले चालणार होते. त्यामुळे वर्ग तिकडे निघाले, इकडे निघाले नाहीत. बंगाली बांधवांच्या बाबतीत हे कारण लागू पडत नाही. ते परत जाणार नव्हते. तेथे पुनर्वसन म्हणजे जमिनीचे वाटप एवढाच अर्थ घेतला गेला आणि गावाशी, कचेरीशी बोलता यावे लागते ही बाब कोणाच्याच खात्यात बसली नाही.

उत्तर – मुलचेऱ्याचा वाचक

मास्तरांचे शेवटचे वाक्य पटले. आमच्या घरात मराठी आणली ती आजीने, आणि तीही रोवणीच्या हंगामात. शेजारच्या गावच्या बायांबरोबर ती बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पऱ्हे (धानाची रोपे) लावायला जाई. तिला आधी आकडे आले, मग मजुरीचा हिशेब, मग भांडण. आजोबांना मात्र तलाठ्याकडे जाताना शेवटपर्यंत तिलाच बरोबर न्यावे लागे.