राज्यशास्त्रात एमए करायचं ते फक्त यूपीएससीसाठीच का?

माळरान: पुण्याला एमए पॉलिटिक्सला अ‍ॅडमिशन का घेतलं विचारलं तर बरीच पोरं सरळ सांगतात, विद्यापीठाचं हॉस्टेल आणि तिथल्या जयकर लायब्ररीसाठी, बाकी अभ्यास यूपीएससीचा. मला हे अजिबात पटत नाही. यूपीएससीत ऑप्शनल, म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून राज्यशास्त्र घेतलं तर त्यातल्या भारतीय विचारवंतांच्या यादीत गांधी, आंबेडकर, एम. एन. रॉय आहेत पण फुले नाहीत, मग महाराष्ट्रात राज्यशास्त्र शिकायचं आणि पेपरला येत नाहीत म्हणून फुलेच सोडून द्यायचे?

कोरडवाहू: दादा, घरी शेतीवर सगळं चालतं. ऑप्शनलचे दोन पेपर म्हणजे मुख्य परीक्षेच्या 1750 पैकी 500 मार्क, आणि राजकीय थिअरी, आयआर (आंतरराष्ट्रीय संबंध) बराचसा एमएचाच सिलॅबस. हॉस्टेल नसतं तर सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं मला झेपलंच नसतं. यात चुकीचं काय ते सांगा.

तासिका: कोरडवाहूचं बरोबर आहे. मी सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राज्याची पात्रता परीक्षा काढली, पीएचडी केली आणि आज तासिका तत्त्वावर शिकवतेय, मानधन कधी येईल नेम नाही, सुट्टीत तर काहीच नाही. 2023 ला यूजीसीने असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट-सेट पुरेशी केली, पण पर्मनंट जागा भरल्याच नाहीत तर नुसती पात्रता काय कामाची? विषयावर प्रेम करा म्हणायला मला आता जीभ रेटत नाही.

माळरान: ताई, जागा भरायलाच पाहिजेत, त्यात वादच नाही. पण विषयात काय आहे तेही बघा ना. लोकनीती या निवडणूक अभ्यास करणाऱ्या संशोधन गटाचा निवडणुकीनंतरचा सर्व्हे असतो, सुहास पळशीकर सर पुण्याच्या विभागात शिकवायचे आणि लोकनीतीचंही काम बघायचे, त्यात मतदारयादीतून नावं काढतात आणि त्याच माणसाला गाठायचं, शेजारचा भेटला म्हणून चालत नाही. बाईचं नाव निघालं की नवराच पुढे होऊन उत्तरं द्यायला लागतो, तेव्हा तिचं मत तिच्याच तोंडून कसं घ्यायचं हे गाईडमधून येत नाही. उद्या कलेक्टर झालात तरी हेच लागणार आहे.

कोरडवाहू: असं फील्डवर्क कुणी करायला दिलं तर आनंदाने करू. आमच्या कॉलेजात नोट्स डिक्टेट करतात आणि डिझर्टेशन मागच्या वर्षीचंच फिरतं.

तासिका: आणि जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप लागली तर महिना 37 हजार, पण ती मोजक्यांना. बाकीच्यांनी दोन वर्षं विषयाला दिल्यावर घरी काय सांगायचं, माळरान, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.