उन्हाळ्यात मासा पकडून सोडणं म्हणजे जीवदान की नुसता छळ?

गरीवाला (साकोली)
आधी माझंच सांगतो, मग वाद घाला. नवतपा (मे अखेरचे नऊ तापलेले दिवस) लागायच्या आदल्या रविवारी गावच्या मामा तलावावर, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावावर, बसलो होतो. मच्छीमार सोसायटीला विचारूनच बसतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल. पाणी निम्म्याच्याही खाली गेलेलं. साडेदहाच्या सुमारास रोहू लागला, अडीचेक किलोचा. तंगूस (गरीचा दोरा) बारीक होता, म्हणून खेळवत खेळवत आणायला दहा-बारा मिनिटं गेली. काठाशी आला तेव्हा तो कुशीवर आडवा झाला होता. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) दगडावर ठेवला, फोटो काढला, गळ सोडवला आणि पाण्यात सोडला. शेपटी मारत गेला. मीही खुशीत घरी आलो, की मारला नाही, सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांडव्याच्या कोपऱ्यात रोहू तरंगत होता. जबड्याच्या उजव्या कोपऱ्यात गळाचं भोक. डाव्या कुशीवर खवले निघालेला पांढुरका पट्टा, जी बाजू दगडावर टेकली होती तीच. तोच तो.

माझं म्हणणं सरळ आहे. एप्रिलपासून मृगाचा पाऊस येईपर्यंत आपल्याकडच्या तलावांवर पकडून सोडायचा खेळ बंद. खायचा असेल तर धरा आणि घरी न्या. खायचा नसेल तर गरीच टाकू नका.

रीलवाला नागपूर
भाऊ, वाईट वाटलं वाचून, पण एका माशावरून सगळ्यांचा उन्हाळा बंद करू नका. चुका तुमच्या आहेत. बारीक तंगूस, तापलेला दगड, वर फोटो. ओल्या हातानं पाण्यातच गळ काढला असता तर तो जगला असता.

अमेरिकेत बास माशाच्या स्पर्धांमध्ये 1972 साली रे स्कॉटनं मासे जिवंत सोडायची पद्धत आणली. त्याआधी वजन झालं की मासे मेलेलेच असायचे. आज तिथे बोटीत हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाक्या असतात, त्यात मासे दिवसभर ठेवून संध्याकाळी सोडतात. बास हा गरम पाण्यातलाच मासा, आपला रोहूसुद्धा तसाच. दोघांना ट्राउटसारखं थंड पाणी लागत नाही. हात नीट ठेवा आणि पहाटे पाणी गार असताना बसा. बंदी कशाला?

ढिवराचा पोरगा
पहाटेचं तं सांगूच नका भाऊ. आमचा बा चाळीस वर्षं तलावात उतरला. मे महिन्यात पाणी हिरवं गच्च होते, आन पहाटे मासे तोंड वर काढून भकभक करून रायते. रात्री ढग आले, वारा पडला, तं जास्तच. तेव्हा पाणी गार असते, पण माशाचा श्वास अडकलेला असते. तुमी नेमके तेव्हाच गरी टाकून त्याले दहा मिनिटं पळवणार. दम लागलेल्या माणसाले कोनी शर्यतीत उतरवते का?

मास्तर (अर्जुनी)
पोरगा बरोबर बोलतोय. त्यामागचं कारण लिहितो, कारण ‘पहाटे बसा’ हा सल्ला मीही कित्येक वर्षं देत आलो आहे.

पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाला एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम, 30 ला साडेसात, 35 ला सातच्या आसपास. एवढंच असतं तर फार बिघडलं नसतं. पण आपल्या उथळ तलावात दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं आणि रात्री तेच शेवाळ, तळाचा गाळ आणि मासे मिळून तो संपवतात. म्हणून तो सगळ्यात कमी असतो तो सूर्य उगवायच्या जरा आधी. हिरव्या तलावात तेव्हा तो 2–3 मिलिग्रॅमपर्यंतही उतरू शकतो. दुपारी प्राणवायू भरपूर पण पाणी तापलेलं, पहाटे पाणी गार पण प्राणवायू नाही. मासा दोन्हीकडून अडकला.

त्यात मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याचं शरीर जास्त वेगानं चालतं, म्हणजे प्राणवायूची गरज वाढते, आणि तापलेल्या पाण्यात तो मावतो मात्र कमी. गळाला झुंजला की स्नायूंत आम्ल साठतं. सोडल्यावर पोहत गेला म्हणजे वाचला असं नाही, काही मासे पुढच्या एक-दोन दिवसांत मरतात. ते आपल्याला दिसत नाहीत म्हणून आपण मोजत नाही. गरीवाल्यांना दिसला, कारण ते दुसऱ्या दिवशी गेले.

अमेरिकेतल्या बासच्या स्पर्धांचाही हाच अनुभव आहे. टाकी कितीही चांगली असो, उन्हाळ्यात वजन करून सोडलेले मासे जास्त मरतात. खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या बासचा हवेचा फुगा फुगून तो पोट वर करून तरंगतो, ते आणखी वेगळं. आपल्या निम्म्या आटलेल्या तलावात ती भीती नाही.

रीलवाला नागपूर
मास्तर, मानलं. पण अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ट्राउटसाठी काय करतात पाहा. पाणी सलग तीन दिवस 73 फॅरनहाइटला, म्हणजे 23 अंश सेल्सिअसच्या जवळ गेलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद. पूर्ण बंदी नाही, सकाळ मोकळी. आपल्याकडे असंच का नको?

मास्तर (अर्जुनी)
कारण ती वाहती, दगडगोट्यांची नदी आहे. तिथलं पाणी रात्री थंड होतं आणि खळाळताना हवा घेतं. आपला तलाव साचलेला. त्यांची सकाळ आपल्याकडे आणली तर ती नेमकी चुकीच्या वेळी पडते. आणि 23 अंशाला आपला रोहू म्हणेल, थंडी वाजते.

मरळवेडा (चंद्रपूर)
तुम्ही सगळे रोहूचं बोलता. मी फक्त मरळ धरतो. मरळ हवेतून श्वास घेते, बाजारात टोपल्यात ओंजळभर पाण्यावर तासन्तास जिवंत असते. तिला तुमच्या मिलिग्रॅमचं काय घेणं? पाणी आटलं, प्राणवायू गेला, तरी ती वर येऊन घोट घेते. मरळीला ही बंदी लावायचं काहीच कारण नाही.

तळ्याकाठची
मरळवेडे दादा, तुमच्यासारखा एकजण मागच्या वर्षी आमच्या तलावावर आला होता. पकडलेल्या मरळी सगळ्या जाळीच्या थैलीत घालून खोल पाण्यात लटकवल्या, फोटो एकदमच काढायचे म्हणून. थैलीचं तोंड पाण्याखाली. दोन तासांनी काढली तर तीनपैकी दोन मेलेल्या. मरळीला वर येऊन हवा घ्यायला मिळाली नाही तर ती पाण्यात बुडून मरते. आमच्या सासूबाई काठावरून ओरडून सांगत होत्या, पण त्यांना कोण विचारतो.

आणि पावसाळ्यात तुम्ही बसता तेव्हा पाण्यावर लाल-केशरी पिलांचा झुबका दिसतो ना? त्याच्याखाली आईबाप राखणीला असतात. त्यातला एक ओढला की बाकीचे मासे पिलांवर तुटून पडतात. तुम्ही मरळ दहा मिनिटांनी सोडली तरी तोवर घरटं लुटलं गेलेलं असतं.

मरळवेडा (चंद्रपूर)
ताई, थैलीचं मान्य. झुबक्यावर मी गरी टाकत नाही, पण टाकणारे आहेत. तरी हा मुद्दा पावसाळ्याचा, उन्हाळ्याचा नाही.

रीलवाला नागपूर
एक विचारू? राग येऊ देऊ नका. सोसायटीचं जाळं उन्हाळ्यातच फिरतं, पाणी कमी असतं म्हणून. एका ओढीत क्विंटलभर मासा निघतो. आणि आम्ही रविवारी दोन मासे सोडले तर आम्ही पापी?

ढिवराचा पोरगा
राग कायचा? मासा इकूनच घर चालते. बोटुकली (बोटभर माशाची पिल्लं) आमीच टाकतो, पैसा आमचा, राखण आमची. पाणी आटाच्या आधी मासा काढला नाई तं उरलेला तसाच मरते, म्हणून जाळं टाकतो. जाळ्यातला मासा बाजारात जाते, ताटात जाते. तुमी सोडलेला मासा मेला तं तो कोनाच्याच ताटात जात नाई. बगळ्याच्या गेला तं गेला. मोजनी कुठं? आमच्या हिशोबात तो टाकलेल्या बियातून कमी झाला, आन तुमच्या हिशोबात तो अजून पोहूनच रायला.

तळ्याकाठची
याच्यावर रीलवाले गप्प का?

रीलवाला नागपूर
गप्प नाही ताई, जेवत होतो. (मासाच. चंद्रपुरी वाम, विकत घेतलेली.)

बिनमोजणीच्या मेलेल्या माशाचं मला उत्तर नाही, हे खरं. पण ‘खाणार असाल तरच धरा’ हा नियम केला तर माझ्यासारखे पन्नास जण पाच-पाच किलो घरी नेतील. आज सगळे सोडतो, त्यातले काही मरतात. उद्या सगळेच मरतील. सोसायटीला हे परवडेल?

गरीवाला (साकोली)
हा प्रश्न मी धागा काढताना धरला नव्हता, कबूल. माझ्या नियमात मेलेला मासा निदान दिसतो, पण संख्या वाढू शकते. मग नेण्यावर मर्यादा घालावी लागेल, एका माणसाला एकच मासा वगैरे. मरळीचा हिशोब वेगळा, तेही मान्य.

पण उन्हाळ्यात सोडण्याचं मी आता मनाला पटवू शकत नाही. काल दुपारी तीनला दोरीला थर्मामीटर बांधून तलावात सोडला. वरचं पाणी 35, हातभर खाली 33. बोटं बुडवली तर अंघोळीचं पाणी वाटत होतं. त्यात कोणी दहा मिनिटं ओढाताण करायची आणि मग म्हणायचं जा, तुला जीवदान.

ढिवराचा पोरगा
एका माणसाले एक मासा, आन त्याची पावती. हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडतो. भावाची गोष्ट तेवढी बरोबर हाय, पन्नास जनाईनं पाच-पाच किलो नेलं तं आमचं दिवाळंच निघन.

रीलवाला नागपूर
मांडा. मी येत्या रविवारी येतोच आहे, जाड तंगूस घेऊन.

ढिवराचा पोरगा
या ना. पाऊस आल्यावर या. नाई आला तं पाळीवर बसून चहा पिऊ, गरी गाडीतच राहू द्या.