मदत हवी आहे : आंबापोळी आणि किडलेली दाढ

मुलगा ७ वर्षांचा, आम्ही गुहागरला. खालच्या दोन दुधाच्या दाढा किडल्यात. एकीत चिपळूणला सिमेंट भरून आणलं, दुसरीची तारीख ३ आठवड्यांनी आहे. डॉक्टर म्हणाले, किती गोड खातो यापेक्षा दिवसातून किती वेळा खातो ते बघा. दर वेळी तोंडात आम्ल होतं आणि लाळेला ते शमवायला अर्धा तास तरी लागतो.

चॉकलेट, बिस्किटं बंद केली. फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा, रात्रीचं ब्रश मी स्वतः करते. पण आंबापोळीचं काय? सासूबाई म्हणतात, साखरेचा कण नाही, नुसता रायवळचा रस, बाधेल कशी? काल टॉर्च धरून पाहिलं, तर तासाभरानंतरही दाढेच्या खळग्यात पिवळा तुकडा घट्ट चिकटलेला! वर कोकम सरबताची बाटली दुपारभर घोट घोट चालूच. पूर्ण बंदी आमच्या घरात टिकणार नाही, हे आधीच सांगते.

आंबापोळी फक्त जेवणाबरोबर दिली तर खरंच फरक पडतो का? नंतर चूळ पुरते की ब्रशच हवा? आणि सरबत बिनसाखरेचं, मीठ-जिरं घालून दिलं तरी कोकमाचा आंबटपणा दातांना लागणारच, मग त्यानंतर ब्रश किती वेळाने करायचा?